वयात येणाऱ्या मुलीचे बदलते मूड आणि घरातल्यांनी सांभाळायच्या गोष्टी

आमच्या घरात एका संध्याकाळी धाकट्या भावाने बहिणीला एवढेच विचारले, "ताई, चार्जर कुठे ठेवलास?" ती तेव्हा चौदा वर्षांची होती. "मला काय माहीत!" असे तिने फणकाऱ्याने उत्तर दिले, मग "या घरात सगळं माझ्याच नावावर खपवतात" असे म्हणाली आणि पाहता पाहता हुंदके देऊन रडू लागली. भाऊ गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला, कारण चार्जर एव्हाना त्याच्याच टेबलावर सापडला होता. मी त्या क्षणी म्हटले, "एवढ्याशा गोष्टीवरून केवढा तमाशा!" आणि पुढचे दोन तास घरात कोणी कोणाशी बोलले नाही. रात्री उशिरा कळले, की तिच्या मैत्रिणींनी तिला वगळून दुसरा ग्रुप काढला होता आणि त्यातला एक स्क्रीनशॉट दुपारी तिच्यापर्यंत पोहोचला होता.

ही घटना सांगण्याचे कारण असे, की किशोरवयीन मुलींच्या बाबतीत घरात होणाऱ्या बऱ्याचशा चुका याच जातीच्या असतात. डोळ्यांसमोर जे निमित्त घडते त्यालाच आपण कारण समजतो आणि निमित्त क्षुल्लक असल्यामुळे तिचे दुःखही क्षुल्लक ठरवून मोकळे होतो. वास्तविक, ज्या माणसांसमोर रडले-चिडले तरी नाते तुटणार नाही अशी आतून खात्री असते, त्यांच्यासमोरच मनाचा बांध फुटतो. दिवसभर वर्गात आणि मैत्रिणींमध्ये हसतमुख राहिलेली मुलगी घरात पाऊल टाकताच चिडते, ती पुष्कळदा याच कारणाने. म्हणून या लेखातली मुख्य सूचना एकच आहे आणि बाकीच्या सूचना तिच्या आधाराने येतात: भावनेचा भर असताना वाद जिंकायला जाऊ नये, आणि भर ओसरल्यावर न चुकता तिच्याकडे परत जावे. पहिली गोष्ट प्रयत्नाने जमते. दुसरी मात्र राहून जाते, कारण घर शांत झाले की ती शांतता मोडण्याचे धाडस कोणालाच होत नाही.

हे सारे कितपत स्वाभाविक आहे?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली या वयाचे वर्णन वादळ आणि ताण यांचा काळ असे केले आणि ती प्रतिमा आजवर घट्ट बसली आहे. पुढच्या संशोधनाने मात्र तिला मुरड घातली. आई-वडिलांशी खटके, मूडमधले झपाट्याने होणारे बदल आणि धोका पत्करण्याची ओढ या गोष्टी या वयात वाढतात हे खरे असले, तरी प्रत्येक मुलीच्या वाट्याला वादळ येतेच असे नाही. रीड लार्सन, मिहाय चिकसेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन विद्यार्थ्यांना पेजर देऊन, दिवसभरात अवचित संदेश पाठवून त्या-त्या क्षणीची मनःस्थिती लिहून घेतली होती. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की मोठ्यांच्या मानाने मुलांचे मूड अधिक टोकाला जातात आणि अधिक लवकर बदलतात, पण एवढ्यावरून त्यांचे काही बिनसले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ फार उपयोगाचा आहे. सकाळी रडलेली मुलगी संध्याकाळी खिदळत असेल, तर सकाळचे रडणे नाटक होते असे समजू नये. दोन्ही खरे होते. "आत्ता तर रडत होतीस, आणि लगेच हसायलाही लागलीस?" हे वाक्य आपण सहज, कधी कौतुकानेही बोलतो, पण त्यातून तिला एवढेच कळते की आपल्या रडण्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

आधी शरीराकडे लक्ष द्यावे

मुलींमध्ये वयात येण्याची पहिली लक्षणे साधारणपणे ८ ते १३ या वयात दिसू लागतात आणि त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे घरातल्यांच्या लेखी "अजून लहान" असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या शरीरात संप्रेरकांचे काम सुरू झालेले असू शकते, आणि आपण मात्र तिच्या चिडचिडीचे कारण अभ्यासात किंवा लाडात शोधत असतो. मेंदूचीही घडण याच काळात बदलत असते. भावनांना चटकन प्रतिसाद देणारे भाग लवकर जोर धरतात, तर थांबून विचार करणे, परिणाम जोखणे, स्वतःला आवरणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. तिला कळत असते, पण त्या क्षणी वळत नसते, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. "हे तुझे हार्मोन्स बोलताहेत" किंवा "पाळी जवळ आली वाटतं" असे तिच्या तोंडावर म्हणू नये. शरीराचे ज्ञान आपल्याला धीर यावा म्हणून आहे, तिचे म्हणणे मोडीत काढण्यासाठी नाही. शिवाय पाळीच्या आधल्या दिवशी केलेली तक्रारही न्याय्य असू शकते.

झोपेचा प्रश्न पहिला हाती घ्यावा, कारण त्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. त्याच वेळी झोप आणणारे मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहाला अंथरुणावर पडलेल्या मुलीला खरोखरच झोप येत नाही आणि सकाळी सहाला उठवताना ती खरोखरच अर्धवट झोपेत असते. हा आळस नव्हे. रात्री शेवटचा तासभर दिवे मंद ठेवणे, फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, सकाळी लवकर उजेडात आणणे आणि सुट्टीच्या दिवशी तासा-दीड तासापेक्षा जास्त उशिरापर्यंत झोपू न देणे, एवढे तीन आठवडे सातत्याने केले तर घरातली भांडणे किती कमी होतात ते स्वतःच पाहावे. फोनचा नियम घरातल्या सगळ्यांना लागू असावा. वडिलांचा फोन उशाशी आणि मुलीचा बाहेर, असा नियम चार दिवसही टिकत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. पाळी सुरू झाल्यावर लोहाची कमतरता सहज होते, आणि तिची लक्षणे म्हणजे थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, ज्यांना आपण "हल्ली कशातच मन लागत नाही हिचं" असे म्हणतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते. या वयाच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. थायरॉइडच्या तक्रारींनीही मूड बिघडतो, म्हणून महिनोन्महिने मरगळ दिसत असेल तर उपदेशाआधी तपासणी व्हावी.

तिसरी गोष्ट पाळीच्या नोंदीची. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत चक्र अनियमित असते. २१ ते ४५ दिवसांच्या दरम्यानचे अंतर या वयात सामान्य मानले जाते. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर "सगळ्यांनाच होतं" असे म्हणून तिला गप्प करू नये, डॉक्टरांना दाखवावे. नोंद मुलीनेच ठेवावी. एका छोट्या वहीत पाळीची तारीख आणि रोजच्या मूडसाठी एक ते पाच यांतला एक आकडा, एवढे पुरे. दोन-तीन चक्रांनंतर पाळीपूर्वीच्या आठवड्यात मूड ठरावीकपणे घसरतो आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सावरतो असे तिचे तिलाच दिसले, तर तिला मोठा आधार मिळतो, कारण "मी वेडी झालेय का?" हा या वयातल्या अनेक मुलींचा न बोललेला प्रश्न असतो. ती वही आपण उघडू नये. तिने दाखवली तर पाहावी.

भर असताना

तिचा आवाज चढला की आपला आवाज उतरवावा आणि शब्द कमी करावेत. त्या वेळी लांब वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपण जे काही समजावून सांगत असतो ते आपल्याच समाधानासाठी असते. "का" ने सुरू होणारे प्रश्न विचारू नयेत. "का रडतेस?", "असं का बोललीस?" यांचे उत्तर तिलाही ठाऊक नसते आणि प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. त्याऐवजी भावनेला नाव द्यायला मदत करावी: "वाईट वाटलंय, की राग आलाय?" भावनेला शब्द दिल्याने मेंदूतल्या भावनिक खळबळीला उतार पडतो, असे मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या चित्रणावरून दाखवले होते. आपण सुचवलेले नाव चुकीचे असले तरी बिघडत नाही, कारण "राग नाही आलेला, मला कंटाळा आलाय सगळ्याचा" असे तिने चिडून जरी दुरुस्त केले, तरी काम झालेले असते.

उत्तर मिळाले नाही तर खनपटीला बसू नये. "बरं. मी बाहेरच्या खोलीत आहे. जेवण झालं की येते तुझ्याकडे," एवढे सांगून निघून यावे. या वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत: तिला एकटे राहू देणे आणि परत येण्याची वेळ सांगणे. नुसते निघून गेलो तर तिला वाटते आपल्याला टाकले. नुसते बसून राहिलो तर वाटते आपल्याला कोंडीत धरले. तिने दार लावून घेतले तर लावू द्यावे. दाराबाहेर उभे राहून बोलत राहणे, चर्चेसाठी दुसऱ्या खोलीतून संदेशांचा मारा करणे, किंवा भावंडाला "जा, बघ काय करतेय" म्हणून पाठवणे, यांतले काहीही करू नये.

याला एक अपवाद आहे. हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा होत असेल, तर एकटे सोडू नये. शांत पण ठाम आवाजात "हे मी होऊ देणार नाही" असे म्हणून जवळ थांबावे आणि लहान भावंडांना तिथून हलवावे.

परत जाणे

या भागावर मी अधिक लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात घराचे वातावरण इथेच घडते किंवा बिघडते. भांडण झाले नाही असे घर नसते. फरक पडतो तो भांडणानंतर पहिले पाऊल कोण टाकतो याने. ते मोठ्यांनी टाकावे. "तिची चूक आहे, तिने आधी यावं" हा हिशेब दोन प्रौढांमध्ये कदाचित चालेल, चौदा वर्षांच्या मुलीशी चालत नाही, कारण परत येण्याची वाट तिला अजून ठाऊक नाही आणि ती कशी असते हे तिने आपल्याकडूनच पाहायचे आहे.

शक्यतो त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी जावे. आधी स्वतःच्या वागण्याबद्दल बोलावे, आणि त्या वाक्याला "पण" जोडू नये. चार्जरच्या त्या रात्री मी तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मी तमाशा म्हटलं ते चुकलं माझं." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काही बोलली नाही. मीही बोलले नाही. दहा-बारा मिनिटांनी तिने फोन उशाखालून काढला, स्क्रीनशॉट उघडला आणि माझ्याकडे न पाहता माझ्या हातात दिला. "पण तूही भावावर ओरडायला नको होतंस" हे वाक्य माझ्या जिभेवर आलेले होते, आणि ते मी त्या क्षणी गिळले याचे मला आजही बरे वाटते; ते बोलले असते तर फोन उशाखालीच राहिला असता.

तिने सांगायला सुरुवात केली की आपल्याला लगेच तोडगा सुचतो. "त्या मुलींचा नाद सोड", "उद्या मी तिच्या आईशी बोलते", "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं". हे सगळे प्रेमापोटीच असते, तरी तिच्या कानांना ते "आता पुरे" असे ऐकू येते. म्हणून आधी विचारून घ्यावे: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" बहुतेक वेळा उत्तर "नुसतं ऐक" असेच मिळते. ऐकताना मधूनमधून तिचेच शब्द तिला परत द्यावेत: "म्हणजे त्यांनी ग्रुप काढला, आणि तुला तो दुसऱ्याच कोणाकडून कळला." एवढ्यानेही पुढचे वाक्य येते.

भावाशी झालेल्या वागण्याचा विषय दुसऱ्या दिवशी काढावा, आणि तोही थोडक्यात: "काल तुझं खूप दुखलेलं होतं, ते मला कळलं. त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याच्याशी एकदा बोलून घे." माफी कशी मागायची ते तिच्यावर सोडावे. आमच्याकडे तिने माफीचा शब्द उच्चारला नाही. स्वतःचा चार्जर भावाच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि त्याला ते पुरले.

तिने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगू नये, नातेवाइकांच्या घोळक्यात तर मुळीच नाही. मावशीने हसत हसत "काय गं, मैत्रिणींनी काढून टाकलं म्हणे तुला?" असे एकदा विचारले, की पुढची कित्येक महिने आपल्याला "काही नाही" एवढेच उत्तर मिळते. अपवाद फक्त तिच्या सुरक्षिततेचा, आणि तो अपवाद आहे हे तिला आधीच स्पष्ट सांगून ठेवावे.

बोलायचे कुठे आणि केव्हा

समोर बसवून "आपल्याला बोलायचंय" असे म्हटले की या वयातली मुलगी आधीच चिलखत घालते. शेजारी शेजारी असताना, हाताला काही काम असताना आणि नजर नजरेला न भिडता बोलणे सोपे जाते. कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीतून जाताना, चालायला गेल्यावर किंवा दिवा मालवल्यावर अंधारात अशा वेळा ओळखून ठेवाव्यात आणि त्या रिकाम्या ठेवाव्यात, म्हणजे त्या वेळात अभ्यास, गुण आणि पसारा हे विषय काढू नयेत. रोज दहा मिनिटे अशी मिळाली तरी पुष्कळ. शाळेतून आल्याबरोबरचा अर्धा तास मात्र प्रश्नांविना जाऊ द्यावा. "पेपर कसा गेला? डबा संपवलास? सर काय म्हणाले?" अशी लागोपाठ सरबत्ती आपल्या आस्थेची असते, पण दिवसभर प्रश्नांनाच तोंड देऊन आलेल्या मुलीला ती चौथ्या तासासारखी वाटते.

वडील, भावंडे आणि घरातली इतर माणसे

मुलगी वयात येऊ लागली की अनेक वडील नकळत दूर होतात. जवळ घ्यावे की नाही, चेष्टा करावी की नाही, पाळीचा विषय निघाला तर खोलीत थांबावे की उठून जावे, याचा संकोच वाटतो आणि सगळा कारभार आईकडे सोपवला जातो. मुलीला मात्र एवढेच दिसते की आपले शरीर बदलले आणि बाबा बदलले. हे टाळणे वडिलांच्या हातात आहे: आधी एकत्र करत असलेली एखादी गोष्ट, मग ती सायकल दुरुस्त करणे असो, सामना पाहणे असो किंवा कोडी सोडवणे असो, ठरवून चालू ठेवावी, आणि पॅड आणून देण्याचे काम पेन आणून देण्याइतक्या सहजपणे करावे.

तिच्या शरीरावर कोणीही शेरा मारू नये. वजन, रंग, मुरुमे, उंची यांवरचे प्रेमळ शेरेसुद्धा नकोत, आणि आईने आरशासमोर उभे राहून स्वतःच्या शरीराला नावे ठेवणेही नको, कारण मुलगी ते ऐकून स्वतःला मोजते. आजी-आजोबांना "आमच्या वेळी हे असले काही नव्हते" म्हणण्यापासून रोखणे अवघड असते, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना "तुम्हाला या वयात कशाचा फार राग यायचा?" असे नातीसमोर विचारावे. मी हा प्रयोग केलेला आहे. ज्या गोष्टी बाहेर येतात त्या नातीच्या तक्रारींहून फारशा वेगळ्या नसतात.

लहान भावंडांना या काळात पुष्कळ सोसावे लागते. "ताईचा मूड ठीक नाही, तू गप्प बस" हे त्यांना दर वेळी सांगणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठीही स्वतंत्र वेळ काढावा आणि ताईच्या रागाला ती कारण नाहीत हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

मैत्रिणी आणि फोन

या वयात मैत्रीतली दुरावलेली एक नजर घरातल्या दहा बोलण्यांपेक्षा जास्त लागते. मैत्रिणींशी मन मोकळे करणे चांगलेच, पण त्यातही एक मेख आहे. मानसशास्त्रज्ञ अमँडा रोझ यांनी २००२ साली दाखवून दिले, की एकच दुःख दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा उगाळत राहण्याची सवय असेल तिथे मैत्री घट्ट असते, पण उदासी आणि चिंताही जास्त आढळते, आणि हे उगाळणे मुलींमध्ये अधिक दिसते. म्हणून तासन् तास चाललेल्या कुजबुजीनंतर मुलगी हलकी होऊन येते की अधिक जड, एवढे पाहावे. जड होऊन येत असेल तर बोलणे बंद न पाडता दोघींना मिळून काही करायला सुचवावे: खेळायला जाणे, काही शिकणे, बाहेर फिरून येणे.

तिचा फोन चोरून वाचू नये. ज्या दिवशी ते उघड होते, त्या दिवशी आपण मिळवलेल्या माहितीच्या कित्येक पट गमावतो. लहान वयात काही देखरेख ठेवायची असेल तर तिला सांगून ठेवावी, आणि वय वाढेल तशी ती कमी करत न्यावी.

मर्यादा

समजून घेणे म्हणजे सगळे चालवून घेणे नव्हे. भावना कुठलीही चालेल, वागणे मात्र कुठलेही चालणार नाही, हा भेद मुलींना लवकर समजतो. "माझ्यावर चिडलीस तरी चालेल, शिव्या दिलेल्या चालणार नाहीत," असे एकदा शांत वेळी सांगून ठेवावे. नियम थोडे असावेत, घरी परतण्याची वेळ, झोपेची वेळ, सुरक्षितता आणि बोलण्याची भाषा एवढ्यापुरते. केसांची ठेवण, खोलीतला पसारा आणि कानातली यांवर आपली शक्ती खर्च करू नये. शिक्षा द्यायचीच झाली तर ती चुकीला धरून असावी आणि लहान असावी. अबोला ही शिक्षा कधीही देऊ नये. आई-वडील चार दिवस बोलले नाहीत की मुलगी चूक विसरते आणि फक्त भीती लक्षात ठेवते.

आईविषयी

मुलगी वयात येते तेव्हा आई पुष्कळदा चाळिशीत असते, आणि रजोनिवृत्तीपूर्वीचे बदल याच दशकात सुरू होऊ शकतात: तुटक झोप, अचानक येणारा घाम, कारण नसताना भरून येणारे डोळे. एका घरात एकाच वेळी दोघींचे शरीर बदलत असते आणि दोघींनाही त्याचा पत्ता नसतो. आईने स्वतःची तपासणी करून घ्यावी, आणि "आज माझी झोप झालेली नाही, मी लवकर चिडेन, त्यात तुझा दोष नाही" असे मुलीला सांगावे. मुलगी पुढे हेच वाक्य आपल्यासाठी वापरू लागते.

मदत केव्हा घ्यावी

किशोरवयापासून मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या साधारण दुप्पट होते, म्हणून "वयच असं आहे" या वाक्यामागे खरा आजार दडू शकतो. साधा मूड चढतो आणि उतरतोही. आजारात तो उतरलेलाच राहतो. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे उदासी किंवा चिडचिड असणे, आवडत्या गोष्टी सोडून देणे, झोप किंवा भूक फार कमी वा फार जास्त होणे, मैत्रिणींनाही टाळणे, गुणांची एकाएकी घसरण, जेवण टाळणे किंवा जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणे, उकाड्यातही लांब बाह्या घालून हात झाकणे, यांतली काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा शाळेतील समुपदेशक, जो आधी भेटेल त्याच्याकडे जावे.

मरणाची भाषा कानावर आली, "मी नसले तर बरं होईल" असे अर्धवट जरी ऐकू आले, तर थेट विचारावे: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटे सोडू नये, घरातली औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांकडे नेताना "तुला दाखवायचंय" असे न म्हणता "तुला किती दिवस त्रास होतोय, तो कमी करता येतो का ते विचारायला जाऊ" असे म्हणावे. तिथे तिला डॉक्टरांशी काही वेळ एकटीला बोलू द्यावे आणि आपण बाहेर बसावे. ती बाहेर आली की "काय सांगितलंस?" असे विचारू नये. घरी परतताना तिच्या शेजारी बसावे, आणि ती आपणहून बोलली तर ऐकावे.